सूतकातले सिनेमे

जग बुडाल्यानंतरचे सिनेमे मला कॉलेजात होतो तेव्हापासून आवडतात. का आवडतात ते मला नीट सांगता येत नाही, आणि ज्यांनी विचारलं त्यांनाही उत्तरात फारसा रस नव्हता. शहरं ओस पडलेली असतात, वीज गेलेली असते, आणि चार-सहा माणसं पाठीवर गाठोडी घेऊन कुठंतरी चाललेली असतात. कुठं, ते त्यांनाही धड ठाऊक नसतं. म्हैसुरात इंग्रजी सिनेमे सकाळच्या खेळाला लागायचे, तेव्हा मी प्रॅक्टिकलला दांडी मारून ते बघायचो. माझे वडील, अप्पा, त्यांना ‘तुझे बुडवे पिक्चर’ म्हणत. ‘पैसे देऊन कशाला बघतोस रे ते? पेपर उघड की. तेच दिसतंय,’ असं त्यांचं म्हणणं.

या सिनेमांनी माझं एक मत पक्कं केलं होतं. दिवे गेले, दुकानं रिकामी झाली, की महिन्याभरात माणसाचं जनावर होतं. देवाचं नाव घेणारा तर हमखास सगळ्यात वाईट निघतो. हातात जाड पोथी, अंगावर काळा डगला, आणि तळघरात दुसऱ्यांचं धान्य किंवा त्याहून भयंकर काहीतरी. मी देव मानत नाही. केमिस्ट्री शिकवतो म्हणून मानत नाही असं लोकांना वाटतं, पण तसं नाही. मला मुळात कुणापुढं हात जोडायचाच कंटाळा आहे. त्यामुळे पडद्यावरचे हे पोथीवाले बदमाश मला आतून बरे वाटायचे. बघा, मी म्हणत नव्हतो, असं काहीतरी.

आमचं घर मंडी मोहल्ल्यात आहे. पणजोबांपर्यंत आम्ही रंगारी, कापड रंगवायचं नि छापायचं काम. आजोबांनी ते सोडलं, अप्पांनी सरकारी कचेरीत जन्म काढला, आणि मागच्या रंगाच्या हौदांची जागा बुजवून तिथं मी गाडी लावतो. म्हैसुरात आमच्या किती पिढ्या गेल्या कोण जाणे. मराठी घरात टिकली, पण निम्मी कन्नड होऊन टिकली. महाराष्ट्रातून कुणी पाहुणा आला की आईचं बोलणं ऐकून आधी हसतो आणि मग विचारतो की ‘पाप’ म्हणजे काय. आमच्याकडं पाप म्हणजे बिचारा, बिचारी. आई दिवसातून वीसदा कुणाला तरी पाप म्हणते.

अप्पा गेले तेव्हा लॉकडाऊन लागून आठवडाही झाला नव्हता. साथीनं गेले नाहीत. दुपारी जेवून आडवे झाले, ते चारच्या चहाला उठले नाहीत. बायको लेकीच्या बाळंतपणासाठी बेंगळुरूला गेलेली, ती तिकडंच अडकली. घरात मी आणि आई. मोजक्या माणसांना परवानगी होती, तेवढ्यांत अप्पांना पोचवून आलो. ज्या माणसानं गल्लीतलं एकही लग्न आणि एकही मयत चुकवलं नाही त्याच्यामागं रस्त्यावर कुणीच नव्हतं. लोक गच्चीवरून हात जोडत होते.

आमच्यात अस्थी घरात आणत नाहीत. मडक्यात घालून, पांढऱ्या फडक्यात बांधून परसातल्या पेरूच्या फांदीला टांगल्या. तिसऱ्या दिवशी त्या श्रीरंगपट्टणला पश्चिमवाहिनीवर न्यायच्या, कावेरीत सोडायच्या, दहाव्याला पुन्हा तिथंच जायचं, आणि मग सूतक फिटायचं. आमच्या घरातलं प्रत्येक माणूस तिथूनच गेलेलं आहे. अर्ध्या तासाची वाट. पण श्रीरंगपट्टण पडतं मंड्य जिल्ह्यात, आणि जिल्ह्याच्या हद्दीवर आडवे बांबू लागले होते. मी पास मागायला गेलो. तिथला माणूस वाईट नव्हता. आजारी माणसासाठी पास होता, भाजीपाल्यासाठी होता, दुधासाठी होता. गेलेल्या माणसाची घाई कशात बसवायची हे त्यालाही कळेना.

मग मी भटजींना फोन केला. ते म्हणाले, शास्त्रात सोय आहे. घरीच बादलीत पाणी घ्या, त्यात कावेरीचं आवाहन करा, मी फोनवर मंत्र सांगतो, दहावा उरकून घ्या. अस्थी सवडीनं सोडा. दहा दिवस झाले की सूतक फिटलंच.

‘बादलीत?’ आई म्हणाली. ‘जन्मभर बादलीचं पाणी अंगाला पुरत नाही म्हणून कटकट केली ह्यांनी. आता बादलीतनंच पाठवतोस काय?’

‘आई, भटजीच म्हणतात सूतक फिटलं म्हणून.’

‘त्यांचं फिटलं असंल. ह्ये अजून झाडाला लटकलेत, दिसतंय की मला. माणूस दारात असताना सूतक फिटलं कसं म्हणायचं?’

दहावा झाला नाही, तेरावा झाला नाही, आणि आईचं सूतक संपेचना. आठवडे गेले. ती चटईवर झोपायची. स्वयंपाकात फोडणी बंद. पिवळंधम्मक वरण, उकडलेली भाजी, आणि वर मिठाचा खडा. मी माणूस तापट आहे, त्यात जिभेचे लाड करणारा. एकदा मी ताट सरकवून म्हणालो, अप्पांना तरी हे आवडलं असतं का? आई म्हणाली, ‘नसतं आवडलं. म्हणून तर करायचं ते,’ आणि पुन्हा एक डाव वरण वाढलं.

फोडणीचं दुःख माझं. तिचं दुःख वेगळं होतं. सुतकात देवघरात जायचं नाही, त्यामुळे देवघराला कडी होती. लग्न होऊन या घरात आल्यापासून रोज दिवेलागणीला तिथला दिवा तिनंच लावलेला. आई देवाशी मोठ्यानं बोलते. मागत नाही फारसं, नुसतं सांगते. गॅस संपला, सुनेचा फोन आला नाही, डाव्या गुडघ्यात कळ आली, हे सगळं आधी देवाला कळायचं, मग आम्हाला. आता तिच्याजवळ जन्मातलं सगळ्यात मोठं सांगणं होतं आणि नेमकी आताच ती उंबऱ्याबाहेर होती. संध्याकाळ झाली की तिचे हात नुसते पदराशी चाळा करत राहायचे.

आणि ती रडली नव्हती. अप्पांना उचललं तेव्हा नाही, बेंगळुरूहून लेक फोनवर हंबरडा फोडून रडली तेव्हाही नाही. उलट तिलाच म्हणाली, दिवस भरलेत तुझे, पाणी पी आधी. मला या न रडण्याची भीती वाटायला लागली होती. जेवण दोन घासांवर आलं होतं. पोलकं खांद्यावरून उतरत होतं. तिला काही झालं तर या घरात मी आणि ते मडकं असे दोघंच उरू, असं मनात यायचं.

शेजारच्या कन्नड अक्का रोज संध्याकाळी तोंडाला पदर बांधून यायच्या आणि आमच्या देवापुढं दिवा लावून जायच्या. सुतकात बाहेरच्या माणसानं लावला तर चालतो. आई अंगणात पाठमोरी बसून तिथूनच सूचना द्यायची, वात बारीक करा, तेल खालच्या फडताळात आहे. जाताना एकदा अक्का मला हळूच म्हणाल्या, ‘अम्मा अळले इल्ल, अल्वा?’ रडल्याच नाहीत ना त्या? मी मान हलवली. आम्ही दोघं उगाच पेरूकडं बघत उभे राहिलो.

मग अक्कांच्या बोळात कुणाला तरी लागण झाली आणि बोळाच्या तोंडावर पत्रे ठोकले. अक्का आत आणि आम्ही बाहेर. त्या संध्याकाळी देवघरात अंधार होता. मी म्हटलं, मी लावतो, मला कसलं आलंय सूतक. ‘तू काय आभाळातनं पडलास काय रे? मुलगा ना त्यांचा?’ आई म्हणाली, आणि कडी लावलेल्या दाराकडं तोंड करून बसली. बघवेना. केवळ तिचं तोंड दुसरीकडं फिरावं म्हणून मी टीव्ही लावला, आणि माझ्याकडं दुसरं होतं काय? जग बुडालेला एक सिनेमा लावला.

पहिल्या दहा मिनिटांत अर्धी दुनिया मेली. मी मनात म्हटलं, शाबास रे गाढवा, घरात मयत झालेल्या बाईला दाखवायला हे बरं सापडलं. रिमोट घ्यायला हात पुढं केला तर आई म्हणाली, ‘थांब की स्वल्प. ती लाल टोपीवाली कोण? एकटीच हाय काय? अय्यो पाप.’

तेव्हापासून दिवेलागणीच्या वेळेला आमच्या घरात रोज जग बुडायला लागलं. आईला इंग्रजी येत नाही. मी मधूनमधून सांगायचो, पण तिला त्याची फार गरज नव्हती. कोण कुणाचं आहे आणि कोण किती वेळ जेवलेलं नाही, एवढं तिला न सांगता कळायचं. बाकीचं तिच्या लेखी बिनमहत्त्वाचं होतं. जग कशानं बुडालं हे तिनं एकदाही विचारलं नाही. ज्यावर मी कॉलेजच्या कँटीनमध्ये तासन्‌तास वाद घातले होते, तो प्रश्नच तिला पडला नाही.

तिचे आक्षेप निराळेच. ‘सगळ्यांकडं बंदुका हायत. एकाकडंबी तवा नाही बघ,’ ती एकदा म्हणाली. मी आजवर इतके सिनेमे पाहिले, पण हे माझ्या ध्यानात आलं नव्हतं. खरंच नव्हता. सगळे डबे फोडून खात होते. ‘पिठाची गिरणी बंद पडली असंल, कबूल. पण कुणीतरी दोन दगड घेऊन भरडलं असतं की. बायका काय सगळ्याच मेल्या?’ दुसऱ्या सिनेमात नायक मित्राचं पाणी चोरून पळतो, तेव्हा तिला त्याचा राग आला नाही. ‘तहान लागली की असंच. पण बघ, प्यायला नाही तो अजून. नुसताच धरून बसलाय,’ ती म्हणाली. मी नीट पाहिलं. तो खरंच प्यायला नव्हता. पुढं तो परत गेला आणि मी चकित झालो. आई झाली नाही.

एका सिनेमात माझा आवडता तो काळ्या डगल्यातला माणूस आला. गोड बोलून लोकांना देवळात घेतो आणि आत कोंडतो. मला चेव आला. ‘बघितलंस? देवाचं नाव घेणारे शेवटी असेच निघतात,’ मी म्हणालो.

‘निघतात की. आपल्या गल्लीत नाहीत काय?’ आई शांतपणे म्हणाली. ‘म्हणून काय करायचं? त्यानं देव सोडला म्हणून आपणबी सोडायचा?’

‘कशाला धरायचा पण?’

सिनेमात एक म्हातारी कोंडलेल्या लोकांत फिरत होती आणि जवळच्या एकुलत्या डब्यातली फोड न् फोड वाटत होती. तिच्या वाट्याला नुसता पाक उरला. तो तिनं बोटानं निपटून घेतला. ‘हिला इचार जा,’ आई म्हणाली.

मला वाद घालायचा होता. म्हातारीनं त्यात देवाचं नावसुद्धा घेतलं नव्हतं, हे मला आईला सांगायचं होतं. पण आई त्या म्हातारीकडं अशी बघत होती की तिची आणि हिची जुनी ओळख असावी.

मग तो मिठाचा सिनेमा आला. समुद्र आटून गेलेले, सगळीकडं पांढरं मीठ, आणि सहा माणसं एक हातगाडी ओढत चाललेली. गाडीवर पाण्याचं पिंप आणि पिंपाला टेकून बसलेला एक म्हातारा. तो चालू शकत नाही, कामाचा नाही, पाणी मात्र पितो. मागावर एक टोळी आहे, तीही तहानलेली. गाडीवर म्हाताऱ्याजवळ एक लहान मुलगी बसते आणि वेळ जावा म्हणून म्हातारा तिला पाढे शिकवतो. मी आईला सांगितलं, हा म्हातारा आता जाणार, असल्या सिनेमात हे ठरलेलं असतं. गेला की हे त्याला टाकतील आणि गाडी हलकी झाली म्हणून जोरात पळतील.

म्हातारा गेला. टोळी दिसण्याइतकी जवळ आली होती. आणि ती सहा माणसं थांबली. मुलगी खाली उतरली आणि चाकाचं झाकण काढून त्यानं मीठ खणायला लागली. मोठ्यांनी तिला ओढलं, रागावले, मागं बोट दाखवलं. ती खणतच राहिली. मग एक जण गुडघ्यावर बसला, मग दुसरा. खड्डा झाला, म्हातारा आत ठेवला, आणि सगळे एकमेकांकडं बघायला लागले. कारण आता काहीतरी म्हणायला हवं होतं आणि कुणालाच काही येत नव्हतं. जग बुडून इतकी वर्षं झाली होती की प्रार्थना कुणालाच आठवत नव्हती. तेव्हा ती मुलगी हात जुळवून दोनाचा पाढा म्हणायला लागली. तेवढंच तिला येत होतं. बाकीचे मागून म्हणायला लागले.

मी आईला कसंबसं सांगितलं, पाढे म्हणतायत.

‘त्यांनीच शिकवलेले ना तिला?’

‘हो.’

‘मग बरोबर हाय.’

टोळी येऊन पोचली होती. हातात लोखंडी कांबी घेतलेले पाच-सात जण. ते उभे राहिले. पाढा संपेपर्यंत उभेच राहिले. एकानं डोक्याचं फडकं काढलं. आई पुढं वाकून बघत होती. ‘थांबले बघ,’ ती म्हणाली. ‘कुणी सांगितलं नाही तरी थांबले.’ मग पाढा संपला आणि पुढं अर्धा तास नुसती मारामारी झाली. ती आईनं पाहिली नाही. मी डोळे पुसत होतो. तिचे कोरडे होते. ती परसात अंधारात पेरूच्या दिशेनं बघत होती.

दुसऱ्या दिवशी सकाळी चहा देताना म्हणाली, ‘कृष्णराजनगरला नदी हाय ना रे?’

‘आहे की. कावेरीच.’

‘तो आपल्याच जिल्ह्यातला तालुका ना? तिथं जायला सोडतात काय आता?’

जिल्ह्याच्या आत फिरायला तेव्हा नुकतीच मोकळीक मिळाली होती. म्हटलं, सोडतील. पण आपली सगळी माणसं पश्चिमवाहिनीला गेली, तुला चालेल का? हे विचारणारा मी, हात जोडायचा कंटाळा असलेला. पण अप्पांसाठी मलाही तेच हवं होतं, हे त्या क्षणी कळलं.

‘नदी तीच की. वरच्या अंगाला एवढंच. तिथं सोडलं तर वाहत जातील श्रीरंगपट्टणला.’

‘आई, मध्ये धरण आहे.’

तिनं माझ्याकडं असं पाहिलं की एवढा शिकून हा असा कसा राहिला. ‘धरणाचं दार उघडतील की कधीतरी. ह्यांना काय घाई हाय? रिटायर माणूस.’

अप्पा गेल्यापासून ती पहिल्यांदा हसली होती. मी पण हसलो आणि हसता हसता घाबरलो, कारण मला वाटलं आता ती कोसळेल. ती उठली आणि पिंडांसाठी तांदूळ निवडायला बसली.

निघताना तिनं मडक्याला कुणाला हात लावू दिला नाही. स्वतः फांदीवरून सोडवलं आणि गाडीत मांडीवर घेऊन बसली. रस्ता मोकळा होता. दुकानं बंद, बसथांब्यावर कुत्री झोपलेली, एका शाळेच्या फाटकात गवत वाढलेलं. इतकी वर्षं पडद्यावर ज्याची मजा घेतली ते काचेबाहेर होतं आणि मला त्याची शिसारी आली. आई मात्र बाहेर बघत माहिती देत होती, अर्थात मला नाही. ‘इलवाल आलं. इथं तुमची बस बंद पडलेली. आता भाताची शेतं लागली बघा.’

एका फाट्यावर पोलिसांनी अडवलं. पोरगेलासा शिपाई होता, मास्क हनुवटीवर, डोळे जाग्रणानं लाल. मी काच खाली करून माझी कॉलेजची ओळख वगैरे सांगायला सुरुवात केली. तो माझ्याकडं बघतच नव्हता. ‘एल्लिगे, अम्मा?’ कुठं निघालात, त्यानं आईला विचारलं.

‘नम्म मनेयवरन्न नदीगे बिडोक्के,’ आई म्हणाली. आमच्या ह्यांना नदीवर सोडायला. शेजारच्या सीटवर माणूस बसलाय आणि त्याला स्टेशनवर सोडायचंय, इतक्या सरळ आवाजात.

त्यानं मडक्याकडं पाहिलं. मास्क नाकावर ओढला, टोपी काढून काखेत धरली, आणि बांबू स्वतः उचलला. ‘निधानवागि होगि,’ तो म्हणाला. सावकाश जा. मला वाटतं ते तो मला नव्हे, मडक्याला म्हणाला. मागं मोटारसायकलवाले दोघंतिघं होते. त्यांच्यापैकी कुणी हॉर्न वाजवला नाही. मी असल्या गोष्टींवर फिदा होणारा माणूस नाही. पण पुढचा मैलभर मला रस्ता धड दिसत नव्हता.

कृष्णराजनगरला घाटावर कुणी नव्हतं. देऊळ बंद. भटजींनी फोनवर मंत्र सांगायचं कबूल केलं होतं, पण नदीकाठी रेंज येईना. मी फोन उंच धरून पायऱ्यांवर वरखाली पळत होतो. आई कमरेला पदर खोचून उभी होती. शेवटी म्हणाली, ‘राहू दे रे ते. त्यांना यायचं असतं तर आले असते.’ तिनं पिंड मांडले, तीळ टाकले, जे जे इतरांच्या वेळी बघितलं होतं ते ते केलं. दोनदा चुकली असावी, कारण दोनदा स्वतःशीच ‘होगली बिडु’, जाऊ दे म्हणाली. मग आम्ही दोघं गुडघाभर पाण्यात उतरलो आणि माझ्या हाताला हात लावून तिनं मडकं कलतं केलं. अप्पा गेले. पाण्यावर थोडा वेळ राखेचा पट्टा दिसला आणि मग तोही दिसेना.

मला हुंदका आला. आईनं माझा दंड घट्ट धरला.

‘थांब,’ ती म्हणाली. ‘वाटेत हायत ते. मागनं रडलं की माणसाचा पाय अडखळतो. पोचू देत आधी.’

तेव्हा मला कळलं, इतके आठवडे ती काय करत होती. आम्ही सगळे तिला दगड समजत होतो. लेक फोनवर म्हणाली होती, आजीला धक्का बसलाय, डॉक्टरांना दाखव. मीही अक्कांपुढं मान हलवली होती. आणि ही बाई रोज त्या झाडाखालून जात होती, नवऱ्याचा पाय अडखळू नये म्हणून रडणं गिळत होती. मी तोंड धुतलं. परतताना ती गाडीत झोपली, मांडी रिकामी, तोंड उघडं. मी गाडी सावकाश चालवली.

घरी येऊन दोघांनी डोक्यावरून अंघोळी केल्या. संध्याकाळी तिनं देवघराची कडी काढली. आतून झाडण्याचा आवाज आला, मग काडी ओढल्याचा. मी बाहेर कान देऊन उभा होतो. आता ती सगळं सांगेल, मोठ्यानं, नेहमीसारखं, असं मला वाटत होतं. पण ती काहीच बोलली नाही. बराच वेळ झाला. मग ती बाहेर आली आणि माझ्यासमोर खुर्चीवर बसली.

‘पोचले असतील ना रे आता?’

नदीला तेव्हा पाणी किती होतं, धरण किती दूर होतं, धरणाची दारं बंद होती की उघडी, हे सगळं मला ठाऊक होतं.

‘पोचले, आई.’

‘नक्की?’

‘नक्की.’

तिनं पदराचं टोक हातात घेतलं आणि परवानगी मागावी तसं मला विचारलं, ‘मग आता रडू?’